बाळाचे वजन हळू वाढते आहे: काळजी कधी करावी, काय करावे

‘बाळ पिते, खेळते, पण अंगाला लागत नाही.’ बारामती आणि इंदापूर भागात बाळाला डोस द्यायला किंवा सर्दी-खोकल्यासाठी दवाखान्यात आणलेले आई-वडील निघता निघता हमखास हे वाक्य बोलतात. बहुतेक वेळा बाळ ठीक असते. काही वेळा मात्र खरोखर काहीतरी बिघडलेले असते आणि ते घरच्यांच्या लक्षात आलेले नसते, कारण बाळ दिसायला बरे दिसते. या दोन्हींतला फरक घरी कसा ओळखायचा, आणि वजन खरेच अडले असेल तर काय करायचे, ते या लेखात सांगितले आहे. लेख पहिल्या वर्षातील बाळांविषयी आहे.

दोन बाळे, दोन रेघा

समजा, एक मुलगी जन्मली तेव्हा 2.6 किलोची होती. तिसऱ्या महिन्यात ती 4.9 किलो झाली, सहाव्या महिन्यात 6.1 आणि नवव्या महिन्यात 6.9. शेजारच्या घरातला मुलगा जन्मतः 3.3 किलोचा, तिसऱ्या महिन्यात 6.4, सहाव्या महिन्यात 7.6. त्यानंतर सातव्या महिन्यातही 7.6, आठव्यात 7.5 आणि नवव्यात 7.4.

नवव्या महिन्यात दोघांना शेजारी बसवले तर सगळे म्हणतील, मुलगी बारीक आहे, मुलगा चांगला आहे. अंगणवाडीच्या तक्त्यावर दोघेही हिरव्या पट्ट्यात येतील. पण डॉक्टर काळजी करतील ती मुलाची. मुलगी लहान आहे, पण जन्मापासून आपल्याच रेघेला धरून वर चालली आहे. मुलाची रेघ सहाव्या महिन्यानंतर आडवी झाली आणि मग खाली वळली. तीन महिन्यांत त्याने एक किलोच्या आसपास मिळवायला हवे होते. त्याने 200 ग्रॅम गमावले. तो अजून ‘हिरव्यात’ आहे, कारण आधीची कमाई तो खर्च करतो आहे.

एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. तीन-चार वजने जोडून तयार होणारी रेघ सांगते. ‘माझ्या बाळाचे वजन इतके आहे, ठीक आहे ना?’ या प्रश्नावर डॉक्टर लगेच ‘आधीची वजने दाखवा’ म्हणतात, ते यासाठीच.

ही रेघ तुमच्याकडे असलेल्या माता व बाल संरक्षण कार्डातच काढता येते. त्यात मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात. खाली बाळाचे वय महिन्यांत, डाव्या बाजूला वजन किलोत. हिरवा पट्टा सामान्य, पिवळा कमी वजनाचा, केशरी अति कमी वजनाचा. हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेले आहेत. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतील मुलांची वाढ मोजली होती. भारतातील मुले दिल्लीची होती. तेव्हा ‘हे तक्ते परदेशी बाळांचे, आपल्या बाळांना लागू नाहीत’ हे बरोबर नाही. शिवाय ती बाळे आईच्या दुधावर वाढलेली होती.

किती वाढले म्हणजे पुरेसे

जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते. जन्मवजनाच्या 7 टक्क्यांपर्यंत उतरणे नेहमीचे. 10 टक्के किंवा त्याहून जास्त उतरले तर दूध नीट मिळते आहे का ते त्याच दिवशी पाहायला हवे. दोन आठवड्यांपर्यंत बाळ पुन्हा जन्मवजनावर यायला हवे.

त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण 25 ते 35 ग्रॅम वाढ होते, म्हणजे महिन्याला पाऊण ते एक किलो. रोज 20 ग्रॅमपेक्षा कमी वाढ सलग दोन आठवडे दिसली तर दाखवून घ्यावे. तीन ते सहा महिन्यांत वेग निम्मा होतो, महिन्याला सुमारे 500 ग्रॅम. सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला 300 ग्रॅमच्या आसपास आणि नऊ ते बारा महिन्यांत 200 ते 250 ग्रॅम. पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा जुना हिशेब अंदाजासाठी आजही चालतो.

वेग कमी होणे हा वाढीचाच नियम आहे, हे नीट लक्षात घ्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात ‘आधी महिन्याला किलो वाढायचा, आता अर्धाच वाढला’ म्हणून घाबरून पावडरचा डबा घरात येतो. तो डबा आला की आईचे दूध कमी होण्याची सुरुवात होते.

मानकांनुसार मधोमध असलेल्या मुलाचे वजन तीन महिन्यांना 6.4, सहा महिन्यांना 7.9, नऊ महिन्यांना 8.9 आणि वर्षाला 9.6 किलो असते. मुलीचे अनुक्रमे 5.8, 7.3, 8.2 आणि 8.9. पण मधोमध म्हणजे निम्मी निरोगी बाळे याच्या खालीच असतात. कमी वजन कधी म्हणायचे? सहा महिन्यांना मुलगा 6.4 किंवा मुलगी 5.7 किलोच्या खाली असेल तर. वर्षाला मुलगा 7.7 किंवा मुलगी 7.0 किलोच्या खाली असेल तर.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर ते जितके आठवडे लवकर आले तितके वयातून वजा करूनच तक्ता वाचा. आठ आठवडे आधी जन्मलेले पाच महिन्यांचे बाळ तक्त्यावर तीन महिन्यांचे धरायचे. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करतात.

आधी वजनकाटा तपासा

वजन ‘घटले’ म्हणून आलेल्या बाळांपैकी काहींचे वजन घटलेलेच नसते. काटा बदललेला असतो. अंगणवाडीत अनेक ठिकाणी टांगायचा स्प्रिंगचा काटा असतो, त्यावर एक रेघ म्हणजे 100 ग्रॅम. दवाखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा पाच-दहा ग्रॅमचाही फरक दाखवतो. मागच्या वेळी स्वेटर, टोपरे, चांदीचे वाळे आणि कडदोरा यांच्यासह वजन झाले आणि या वेळी उघड्या अंगाने, तर दोन-तीनशे ग्रॅम असेच गेले. भरलेले डायपरही बरेच जड असते. पोटभर दूध पिण्याआधीचे आणि नंतरचे वजनही वेगळे येते.

म्हणून शक्यतो एकच काटा, बाळ उघडे, काटा आधी शून्यावर आणलेला. पहिले दोन महिने पंधरा दिवसांतून एकदा, नंतर महिन्यातून एकदा वजन पुरे. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर घरी काटा आणून रोज वजन करू नका. रोजच्या आकड्यात शी-शू आणि दूध यांचाच चढउतार दिसतो, आणि आईची झोप उडते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तीन-चार महिन्यांनी आई सासरी येते, गाव बदलते, अंगणवाडी बदलते, काटाही बदलतो. कार्ड कधी कधी माहेरच्या कपाटातच राहते. नेमक्या या काळात, वाढ सर्वांत वेगवान असताना, रेघ तुटते. सासरी येताना बाळाच्या झबल्यांआधी ते कार्ड पिशवीत टाका, आणि कार्डातल्या वजनांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

लहान जन्मलेले बाळ आणि पुण्याचा अभ्यास

‘दोघेही नवरा-बायको किडकिडीत, बाळ कुठून गुटगुटीत होणार?’ यात तथ्य आहे, पण अर्धेच.

पुणे जिल्ह्यातीलच सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या गावांतील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन 2.7 किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, तर त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे पण चरबी राखणारे बाळ, असे त्याचे वर्णन झाले. गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे तुलनेने मोठी होती, हेही याच अभ्यासात दिसले.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. अडीच-पावणेतीन किलोचे पूर्ण दिवसांचे बाळ आपल्या भागात पुष्कळ दिसते. ते आपल्या रेघेने वर जात असेल तर त्याला साखर, ग्लुकोज, बिस्किटे घालून ‘गुटगुटीत’ करण्याची गरज नाही. अशा बाळाला हवे असते ते हाड आणि स्नायू बांधणारे अन्न. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धांनी आपल्या डोक्यात जे चित्र बसवले आहे ते जरा बाजूला ठेवावे.

आणि उरलेले अर्धे? ‘हाडानेच बारीक आहे’ हे वाक्य खरी अडचण झाकायलाही वापरले जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 36 टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आणि सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. इतक्या मुलांचे ‘हाडच बारीक’ असू शकत नाही. आनुवंशिकता बाळाची रेघ तक्त्यावर कुठे असेल ते ठरवते. रेघ आडवी पाडणे हे तिचे काम नाही.

पहिले सहा महिने: दूध पुरते का?

या वयात वजन हळू वाढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे बाळाच्या पोटात दूध कमी जाणे. आईला दूध कमी येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बरीच कमी आढळते. दूध असते, पण बाळ नीट पकडत नाही, किंवा पुरेशा वेळा पीत नाही.

बाळाने फक्त स्तनाग्र तोंडात धरले तर त्याला थोडेच दूध मिळते आणि आईला चिरा पडतात. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळ्या भागाचा वरचा हिस्सा खालच्यापेक्षा जास्त दिसणारा, आणि दोन-तीन चोखण्यांनंतर गिळण्याचा आवाज: अशी पकड हवी. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावे. पहिल्या महिन्यात झोपाळू बाळाला तीन तासांनी उठवून पाजा. एक बाजू रिकामी होऊ द्या, मग दुसरी द्या. पाच-पाच मिनिटांनी बाजू बदलली तर शेवटचे दाट, जास्त स्निग्ध दूध मिळतच नाही. रात्रीचे पाजणे बंद करू नका.

दूध पुरते आहे हे ओळखण्याची खूण रडणे ही नव्हे, शू ही आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा फिक्या रंगाची शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते. स्तन मऊ वाटणे, पंपाने कमी दूध निघणे, बाळाने संध्याकाळी वारंवार मागणे यांवरून दूध आटले असे समजू नये. दीड महिन्यानंतर फक्त आईच्या दुधावरचे बाळ दोन-चार दिवस शी न करता राहू शकते. पोट मऊ असेल, वायू सरत असेल आणि बाळ पीत असेल तर चालते.

आता वरच्या दुधाबद्दल. बारामती-इंदापूर हा दुधाचा पट्टा. घरात गोठा असताना तान्ह्याला गाईचे दूध ‘निम्मे पाणी घालून’ देणे सहज होते. हिशेब करा: गाईचे दूध आणि आईचे दूध यांतली ऊर्जा साधारण सारखी असते. निम्मे पाणी घातले की ती निम्म्यावर येते. बाळाचे पोट भरते, ते शांत झोपते, घरच्यांना बरे वाटते, आणि वजन अडते. शिवाय गाई-म्हशीच्या दुधात लोह फार कमी असते आणि त्याने लहान आतड्यांतून थोडे थोडे रक्तही जाऊ शकते. वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून देऊ नये. पावडरच्या डब्याबाबतही हेच होते. डबा महाग, म्हणून तो पुरवायला चमचा अर्धा किंवा पाणी जास्त. डॉक्टरांनी डबा दिलाच असेल तर त्यावर लिहिलेल्या प्रमाणात कणभरही बदल करू नका, आणि पाजायला बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरा.

बाळगुटीबद्दल आजींशी भांडण करण्याची आमची इच्छा नाही. पण सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू पोटात जातात, जुलाब होतात, आणि जुलाब झाले की वजन जाते. गुटीत किंवा नुसता चाटवायला मध असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हणा. वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत पाणी, ग्राइप वॉटर, ग्लुकोजचे पाणी यांतले काहीही लागत नाही; उन्हाळ्यातही नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट, तेवढे द्या.

आईकडे पाहणे राहून जाते. तिचे रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडला आहे का, ती रडते का, झोपते का, सव्वा महिन्याच्या पथ्यात तिला पोटभर जेवण मिळते का? अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू तिने जरूर खावा. त्याने दूध किती वाढते ते सोडा, तिच्या पोटात चार घास जातात. एमआयडीसीत किंवा शेतावर कामाला लवकर परतावे लागले तर दूध स्वच्छ हाताने काढून झाकलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवता येते: थंड खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवू नका.

सहा महिन्यांनंतर: पातळ अन्नाचा घोटाळा

सुरुवातीच्या उदाहरणातील मुलाची रेघ सहाव्या महिन्यानंतर का वळली? अशा बाळांच्या खाण्याची चौकशी केली की उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘डाळीचे पाणी देतो, भाताची पेज देतो, खातो चांगला.’

डाळीच्या पाण्यात डाळ नसते. बाळाचे पोट एका वेळी अर्धी वाटी, फार तर पाऊण वाटी मावेल एवढे असते. ते पाण्याने भरले की दूधही कमी पिले जाते आणि अन्नही जात नाही. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे 200 कॅलरी अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे 300. म्हणून घास दाट हवा: चमचा वाकडा केला तर सहज ओघळू नये इतका. मिक्सरमधून पातळ करून गाळून देऊ नका, बोटांनी कुस्करा.

मऊ खिचडीत डाळ वाढवा, तांदूळ कमी करा, आणि वाढताना एक चमचा तूप किंवा तेल घाला. पाच ग्रॅमच्या त्या चमच्यात सुमारे 45 कॅलरी असतात. ज्वारी-बाजरीची भाकरी वरणात भिजवून कुस्करता येते. नाचणीचे सत्त्व दाट करा. शेंगदाण्याचा बारीक कूट, पिकलेले केळे, चिकू, शिजवलेला पालक. पूर्ण शिजवलेले अंडे सहा महिन्यांनंतर चालते, पिवळ्या-पांढऱ्यासकट. भिगवण, पळसदेवकडे उजनीचा ताजा मासा मिळतो. घरात खात असाल तर काटे नीट काढून बाळालाही कुस्करून द्या, त्याच्याइतके चांगले प्रथिन शोधून सापडणार नाही. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ. आईचे दूध चालूच ठेवा.

चहात बुडवलेले बिस्कीट आणि पाच रुपयांचे पुडे मात्र बंद. त्यांनी भूक मरते. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नका. लोहाचे सिरप सहा महिन्यांनंतर आशाताईंकडून मिळते, आठवड्यातून दोनदा 1 मिली. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी मिळणारा आहारही घ्या, तो गाई-गुरांना जाऊ देऊ नका.

जुलाब झाले की खाणे-पिणे बंद ठेवण्याची चूक होते. ओआरएस, झिंक 14 दिवस, पाजणे चालू, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. हे केले नाही तर प्रत्येक आजारात रेघ एक पायरी उतरते आणि तिथेच राहते.

आजार असेल तर

खाणे-पिणे व्यवस्थित असूनही वजन अडले असेल तर डॉक्टर पुढच्या गोष्टी शोधतात. पिताना बाळ दमते, कपाळावर घाम येतो, थांबून थांबून पिते, श्वास जोरात चालतो: हृदयाची तपासणी. वारंवार कारण नसलेला ताप: लघवीची तपासणी, कारण लघवीचा जंतुसंसर्ग तान्ह्यात दुसरे काही लक्षण दाखवत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी उलटी: जठराचे तोंड अरुंद असू शकते. शीमध्ये रक्त, घरात कुणाला टीबी, जन्मतः टाळूला फट, खूप सुस्त आणि बद्धकोष्ठ बाळ (थायरॉइड): प्रत्येकाची तपासणी वेगळी. थोडेसे दूध तोंडातून येणे आणि बाळ तरीही वाढणे, हा आजार नव्हे.

एक खूण आवर्जून सांगतो, कारण तिच्यात वेळ फार महत्त्वाचा आहे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि शी पांढुरकी, मातकट किंवा खडूसारखी असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता सर्वांत चांगली असते. ‘उन्हात धरा, जाईल’ म्हणत आठवडे घालवू नका.

बहुतेक बाळांना एवढ्या तपासण्यांची गरज पडत नाही. नीट चौकशी, पाजताना निरीक्षण, अंगावरची तपासणी, आणि गरज पडल्यास रक्त-लघवी एवढ्यात उत्तर मिळते. भूक वाढवणारे सिरप, टॉनिक, प्रोटीन पावडर तान्ह्याला देऊ नका. जंताचे औषधही वर्षाच्या आत द्यायचे नसते.

सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडी सेविका रंगीत पट्टीने मोजतात. 12.5 सेंटिमीटरच्या खाली मध्यम कुपोषण (मॅम), 11.5 च्या खाली तीव्र कुपोषण (सॅम). दोन्ही पायांवर सूज असेल आणि दाबल्यावर खड्डा पडत असेल तर वजन कितीही असो, बाळ तीव्र कुपोषित धरतात. सॅम हा शब्द ऐकून लाजून बाळ लपवू नका. भूक चांगली असेल तर उपचार गावातल्या बाल विकास केंद्रातच होतात. भूक मेली असेल किंवा आजार असेल तरच दाखल करावे लागते.

त्याच दिवशी दवाखान्यात

बाळ चोखतच नाही किंवा उठवूनही उठत नाही; दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा त्यानंतर 50 हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे; ओठ निळे; झटका; हिरवी उलटी; आठ तास शू नाही; टाळू खोल; तीन महिन्यांखाली ताप किंवा अंग थंडगार. यांपैकी काहीही दिसले तर वजनाचा विचार नंतर, आधी दवाखाना. 108 वर फोन करा. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी

दिवाळीनंतर सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या भागात कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या जोडप्यांची तान्ही बाळे फडाच्या बांधावर असतात, आई पहाटे तोडायला जाते, आणि पाजण्यांत पाच-सहा तासांचे अंतर पडते. गावाकडच्या अंगणवाडीत नाव असले तरी जिथे मुक्काम आहे तिथल्या अंगणवाडीत बाळाचे वजन करता येते, आहार आणि लस मिळते. कार्ड किंवा त्याचा फोटो घेऊन जा. फडावर निदान दोनदा पाजण्यासाठी सुट्टी मागून घ्या, आणि मोठ्या भावंडाच्या हाती बाळासाठी साखरेचे पाणी ठेवू नका. बैलगाडीवर चालणाऱ्या कुटुंबाचा तळ हलला तर नव्या ठिकाणच्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. मुकादम किंवा बागायतदाराला विचारले तर त्या कुठे राहतात ते कळते.

डॉक्टरांकडे जाताना

कार्ड, जन्माच्या वेळचा कागद, आणि मागच्या दोन दिवसांत बाळाने काय, किती, किती वेळा घेतले याची नोंद सोबत न्या. ‘चांगले खातो’ असे न लिहिता ‘सकाळी खिचडी चार चमचे’ असे लिहा. बाळ भुकेले असताना न्या, म्हणजे पिताना पाहता येईल. जी व्यक्ती दिवसभर बाळाला भरवते, बहुधा आजी, तिलाही सोबत न्या. सल्ला तिच्या कानावर थेट पडायला हवा.

काही बदल केला की तीन महिन्यांखालच्या बाळाचे वजन पाच-सात दिवसांनी पुन्हा करा, सहा महिन्यांवरच्या बाळाचे दोन ते चार आठवड्यांनी. त्याच काट्यावर.